जेवूनच जावा

खानापुरात, रविवारची भक्ती संपल्यावर,
चपला शोधता शोधता
माझ्या तोंडातून निघून गेलं,
"आमच्याकडं चला की वो, जेवूनच जावा."

मागच्या बाकावर बसला होता,
मराठी गीताला नुसते ओठ हलवत.
मांडीवर पिशवी, पिशवीत काय ते देवाला ठाऊक.
शांतवननं माझ्याकडं पाहिलं.
मी त्याच्याकडं पाहिलं नाही.

कौलांच्या कारखान्यापासून घरापर्यंत अकरा मिनिटं.
तेवढ्यात मी सगळं घर मनातल्या मनात झाडलं :
दोरीवरचे परकर,
खुर्चीच्या पायाखालचा कौलाचा तुकडा,
न्हाणीची कडी, जी फक्त आम्हालाच लागते.
महिन्याची सव्वीस तारीख.
डब्यात मसूर, भात तिघांपुरता,
सुक्या बांगड्याचे तुकडे.
एस्तेरला पुढं पळवलं,
रुकय्याकडनं अंडी मिळतात का बघ,
आणि दाराशी काही पडलं असेल तर पायानं सार.
दोनच मिळाली.

कपाटात सहा कप आहेत, सोनेरी काठाचे,
बेळगावच्या कँपातून आणलेले, पाहुण्यांसाठी.
नऊ वर्षांत तसा पाहुणा आलाच नाही.
घरचे आले ते घरचेच,
पाळकसाहेबांनी चहा सोडलेला.
त्या दिवशी किल्ली सापडेना.
कान तुटलेल्या कपात चहा दिला,
त्यानं तो दोन्ही हातांनी धरला,
कप असाच धरतात अशा थाटात.

"कूडरी," म्हटलं.
माझं कानडी बाजारापुरतं, बसमधल्या तिकिटापुरतं.
त्याचं मराठी त्याहून कमी.
इथं पाट्यांवरून दगड पडलेत,
गाड्या दोन-दोन दिवस थांबल्यात.
माझ्या चुलीपाशी पाटी नव्हती कसलीच.
"भात?"
"साकु."
"थोडा आणखी?"
"साकु, साकु,"
आणि ताट पुढं.

शांतवननं प्रार्थना केली, नेहमीपेक्षा लांब,
आमटी निवेपर्यंत.
डोळे मिटून मी अंडी वाटत होते :
एक अख्खं त्याला, अर्धं अर्धं ह्या दोघांना.
मला अंडं सोसत नाही, असं मी मोठ्यानं म्हटलं.
मार्थेला लोक उगाच बोलतात.
पीठ किती उरलंय, हे तिला
कुणी विचारलं होतं का?

जेवला, आणि खुर्चीतच झोपला.
कौलाचा तुकडा हलला नाही.
मग दुपारभर आम्ही कुजबुजत होतो,
शांतवननं मॅचचा आवाज बंद करून नुसती माणसं पाहिली,
एस्तेर गणितं घेऊन परसात गेली,
भांडी वाजतील म्हणून मी घासली नाहीत.
बसले.
रविवारी तीन वाजता मी कधी बसलेली आठवत नाही.
काचेच्या कौलातून उन्हाचा तुकडा खाली आला,
जमिनीवरून सरकत सरकत त्याच्या पायांवर गेला.
टाचा फुटलेल्या, धूळ तशीच.
पायांवर पाणी द्यायचं राहिलंच की,
हे तेव्हा ध्यानात आलं.

लोंढ्याकडच्या गाडीची शिट्टी झाली, तसा दचकून उठला.
पिशवी उचलली. तिच्यातून काही काढून दिलं नाही,
ते एक बरं केलं.
दारात म्हणाला, "होगि बर्तेन्री."
जाऊन येतो.
नाव विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले,
कुणी सांगावं, देवदूतही असेल.
असेल बापडा.
पण त्याचं ताट मी घासलंय.
कडेला बांगड्याचे काटे, आमटीतली मिरची,
आणि दुसऱ्या कडेला, भाताचा डागही न लागू देता,
अर्धं अंडं.

ते मी उभ्यानंच खाल्लं.
किल्ली अजून सापडलेली नाही.